एकतीस दीर्घिकांची पक्की वही

सकाळी दहाच्या आत मास्तरांच्या दुकानाकडे कोणी पळत येत असल्याचा आवाज आला, की बटणमावशी न बघताच म्हणायची, "आली घाई."

त्या बुधवारीही तिने मान वर केली नाही. सुई कोटाच्या बाहीत होती, आणि सुई कापडात असताना कोणीही आलं तरी मान वर करायची नाही हा तिचा तीस वर्षांचा नियम. काजं आणि बटणं एवढंच तिचं काम, पण दुकान तीच चालवते असं तिचं म्हणणं होतं आणि मास्तरांनी ते कधी खोडून काढलं नव्हतं.

"काका!" दारातूनच आवाज आला. "काका, बाई बरोबर होत्या!"

घाई हे काही त्या मुलीचं खरं नाव नव्हतं. टेकडीवरच्या खगोलसंस्थेत ती शिकायला आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्या एका पायात काळा आणि दुसऱ्या पायात तपकिरी बूट होता. बाईंनी दोन्ही बूट नीट बघून घेतले आणि तिचं नाव ठेवलं. आता तिला पदवी मिळाली होती, स्वतःची खोली होती, तिला घाबरणारे दोन विद्यार्थीसुद्धा होते, पण नाव तेच राहिलं.

आणि बाई म्हणजे मास्तरांची बायको. बत्तीस वर्षं तिने त्या संस्थेत काम केलं. गल्लीतले लोक म्हणायचे, बायको आकाश मोजते, नवरा माणसं मोजतो, यांच्या घरात मोजायचं राहिलंय काय! तिला जाऊन आठ महिने झाले होते. मास्तर दुकान वेळेवर उघडत, वेळेवर बंद करत आणि मधल्या वेळात फारसं बोलत नसत.

"बस," मास्तर म्हणाले. "आधी पाणी पी."

"पाणी नको. बटणं द्या."

"बटणं मोजलेली आहेत," बटणमावशी म्हणाली. "एक जरी कमी झालं तर तुझ्या कोटाचं काढून लावीन."

बाईंचं काम समजायला मास्तरांना लग्नानंतर चार वर्षं लागली होती. थोडक्यात ते असं. आपली आकाशगंगा, शेजारची देवयानी आणि त्यांच्या आसपासच्या बारक्या दीर्घिका मिळून एक गट होतो. विश्व फुगतंय, त्यामुळे गटाबाहेरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब लांब जातात. पण गटालाही वजन आहे, आणि ते वजन त्यांना मागे ओढतं. म्हणून त्या जातात खऱ्या, पण रेंगाळत जातात. किती रेंगाळतात ते मोजलं की गटाचं वजन काढता येतं. बाईंनी अकरा वर्षं घालवून अशा एकतीस दीर्घिकांची अंतरं मोजली. उत्तर आलं ते कोणालाच आवडलं नाही. त्या दीर्घिका रेंगाळतच नव्हत्या म्हटलं तरी चालेल. त्यावरून गटाचं वजन काढलं, तर दुसऱ्या रीतीने काढलेल्या वजनाच्या ते जेमतेम निम्मं भरत होतं.

सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली, अंतरं चुकली. संस्थेने दीर्घिकांची सूची छापली तेव्हा बाईंच्या एकतीस आकड्यांपुढे एकतीस प्रश्नचिन्हं छापली. बाई वाद घालायच्या नाहीत. "मापं बरोबर आहेत," एवढंच म्हणायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या.

घाईने कापायच्या टेबलावरचं करडं कापड हाताने सपाट केलं आणि मधोमध दोन मोठी बटणं ठेवली.

"हा आपला गट. आता सगळे गणित कसं करतात? गट एकटा आहे असं धरून. वर, खाली, चहूकडे सारखंच. पण तसं नाहीये. हे कापड पसरलंय ना, तसा पदार्थ आपल्याभोवती पसरलाय. चपट्या थरासारखा, कोट्यवधी प्रकाशवर्षं. थराच्या वर मोठी पोकळी, खाली मोठी पोकळी. आणि ही बाईंची दीर्घिका." तिने शर्टाचं एक बारीक बटण थोडं लांब ठेवलं. "गट हिला इकडे ओढतो. पण पलीकडे थरात जे काही पसरलंय, ते हिला तिकडे ओढतं."

मास्तरांनी बटणाकडे बघितलं. "दोन्हीकडून ताण आला, की कापड जागच्या जागी राहतं."

"तेच तर! गट ओढतोय, पण बाहेरून कोणीतरी तेवढंच ओढतंय, म्हणून गटाची ओढ दिसत नाही. गट हलका नाहीच. त्याचा हात कुठवर पोचणार, हे एकट्या त्याच्या वजनावर ठरत नाही, तो कशात बसलाय त्यावरही ठरतं. वजन काढणारे बरोबर होते आणि बाईसुद्धा बरोबर होत्या. मी थर धरून सगळं गणित पुन्हा केलं. एकतीसपैकी तीस दीर्घिका बसल्या!"

"म्हणजे लेक माहेरी येत नाही," बटणमावशी दोरा दाताने तोडत म्हणाली, "म्हणून आईचा जीव कमी असं नाही. तिकडेही चार जण हात धरून बसलेत."

"मावशी, मला यावर ऐंशी पानं लिहावी लागली."

"मला विचारलं असतंस तर एका वाक्यात झालं असतं."

घाई हसली. मग मास्तरांकडे वळून म्हणाली, "शुक्रवारी समिती बसणार आहे. सूचीची नवी आवृत्ती निघतेय. एकतीस प्रश्नचिन्हं पुसून घेणार मी. तुम्ही यायचं, काका. पुढच्या खुर्चीत बसायचं. आणि तो निळा कोट घाला, बाईंना आवडायचा तो."

ती आली तशी गेली. जाताना दोन मोठी बटणं खिशात घालून घेऊन गेली, आणि बटणमावशीला ओरडत दारापर्यंत जावं लागलं.

मावशी परत येऊन बसली तेव्हा मास्तर हातात खडू धरून तसेच उभे होते. कापडावर एकही रेघ नव्हती.

"आनंदाची बातमी आहे," मावशी म्हणाली. "तोंड असं का?"

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "तिची पक्की वही मी लिहायचो."

हे मावशीला ठाऊक होतं. बाईंचं अक्षर असं होतं, की संस्थेतल्या टायपिस्टने एकदा ते वरिष्ठांना नेऊन दाखवलं होतं. मास्तरांचं अक्षर मात्र मापाच्या वहीतलं, सुटं आणि स्वच्छ. म्हणून रोज संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं, की बाई दुकानात यायच्या, उंच स्टुलावर बसायच्या, पर्समधून कागदाच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि वाचून दाखवायच्या. ताऱ्यांचा मंदपणा मोजायच्या पट्टीवर खुणा असत. जितकी मोठी खूण तितका तारा मंद, म्हणजे तितका लांब. बाई वाचायच्या, "चोवीस खुणा, वर तीन दशांश," आणि मास्तर लिहायचे. दशांश लिहायचे नाहीत, जवळची पूर्ण खूण लिहायची. अर्ध्याच्या खाली असेल तर खालची, वर असेल तर वरची. अकरा वर्षं हे चाललं.

"मी वरचीच लिहायचो," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

"छाती साडेसदतीसच्या जरा अलीकडे भरली, तर आपण काय लिहितो?"

"अडतीस. कापड कमी पडलं तर कुठून आणायचं? जास्त झालं तर आत दाबता येतं."

"ते." मास्तर स्टुलावर बसले. "चाळीस वर्षांची सवय. ती म्हणायची चोवीस आणि तीन दशांश, माझा हात पंचवीस लिहून मोकळा. मला कळलं तेव्हा पहिली वही भरत आली होती. कळूनही हात वरच्याच खुणेवर जायचा. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो. मग आजारपण आलं, आणि त्यातच प्रश्नचिन्हं छापली. तेव्हा तर तोंडच उघडेना. मग ती गेली."

बटणमावशीने सुई काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "गप्प बसा. पोरीचं गणित जुळलंय ना? बाईचं नाव निघतंय ना वर? तुम्ही कशाला पाय घालताय?"

"चुकीच्या मापावर जुळलंय ते."

"जुळलं ते जुळलं. अहो, ज्या बाईने जन्मभर ऐकून घेतलं, तिला आता मेल्यावर तरी कोणी बरोबर म्हणतंय. तुम्ही उठून जाणार आणि सांगणार, नाही हो, चुकलंच होतं?"

"तिने कधी खोटं माप दिलं नाही. मी दिलं. त्याच्यावर तिचं नाव उभं करायचं?"

"ती येतेय का विचारायला?"

हे बोलून गेल्यावर मावशीने स्वतःच जीभ चावली. मास्तर रागावले नाहीत. भिंतीवरचं घड्याळ बघून त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि गुंडाळून ठेवला.

"चार वाजता शाळेचा माणूस गणवेशांसाठी येईल," ते म्हणाले. "त्याला सांगा, उद्या."

"आत्ता कुठे निघालात? चढ आहे. निदान दोन घास खाऊन जा." मग तेही वाया जाणार हे बघून ती म्हणाली, "बरं, जा. छत्री न्या, ऊन आहे."

टेकडीवर संस्थेच्या दोन इमारती होत्या, एक जुनी आणि एक कधीच पुरी न झालेली. घाईची खोली दुसरीत होती. मास्तरांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. ती आधी हसत ऐकत होती. मग हसायची थांबली, आणि मग हलायचीच थांबली. घाई इतकी स्थिर बसलेली मास्तरांनी कधी पाहिली नव्हती.

"प्रत्येक वेळी वरचा?"

"अर्ध्याच्या खाली असलं तरी. अर्ध्याच्या वर असेल तर तसाही वरचाच होता."

"म्हणजे निम्म्या आकड्यांत एक एक खूण जास्त. सरासरी अर्धी खूण." तिने कागद ओढला. "अर्धी खूण म्हणजे अंतर शंभराला अडीचने वाढतं. थोडं वाटतं, काका. पण एक खाली, एक वर असं असतं तर चुकांनी एकमेकींना खाल्लं असतं. तुमच्या सगळ्या एकाच बाजूला. एकतीसच्या एकतीस."

"त्यामुळेच गट हलका आला का?"

"उलट!" ती हसली, पण ते हसू नव्हतं. "अंतर फुगवलं, तर दीर्घिका जास्त रेंगाळल्यासारख्या दिसतात आणि गट जड भरतो. तुमची चूक काढली तर गट आणखी हलका होणार. म्हणजे माझं गणितसुद्धा जुळणार नाही. तीस दीर्घिका बसल्या म्हणून नाचले मी, त्या तुमच्या टाक्यांवर बसल्या होत्या."

तिने कागद बाजूला सारला.

"आज का सांगताय?" तिचा आवाज चढला. "परवा समिती आहे!"

"म्हणून तर आज."

"अकरा वर्षांत एक संध्याकाळ नाही मिळाली तुम्हाला?" आणि मग तिला आपलंच बोलणं ऐकू आलं. तिने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा, काका. बसा हो. चुकलं माझं."

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले, "म्हणून मी उभा आहे."

थोड्या वेळाने ती उठली. तिने आजवर छापील सूचीतले आकडे वापरले होते. मूळ वह्या बघायची कोणाला गरजच पडली नव्हती. त्या जुन्या इमारतीच्या तळघरात होत्या, आणि तळघराच्या किल्ल्या टायपिस्टबाईंकडे. टाईपरायटर गेले, त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून त्या संगणकावर आकडे भरत आणि नोंदी सांभाळत होत्या, पण त्यांचं नाव तेच राहिलं. संस्थेत नावं बदलायची पद्धत नव्हती.

"या, मास्तर!" त्या म्हणाल्या. "तुमच्या अक्षरावर मी अकरा वर्षं जगले. नाहीतर माझे डोळे कधीच गेले असते."

तीन जाड वह्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. घाईने पहिली उघडली. मास्तरांचं निळ्या शाईतलं अक्षर, एकाखाली एक आकडे, सरळ शिवण घातल्यासारखे. मास्तरांनी लगेच नजर काढून घेतली. घाईने मात्र मान खाली घातली, मग आणखी खाली, आणि नाक कागदाला लागेल इतकी वाकली.

"काका, हे काय आहे?"

पंचवीस या आकड्याच्या उजव्या बाजूला, अगदी चिकटून, पेन्सिलीत बारीक चोवीस लिहिलं होतं. खालच्या ओळीत काही नव्हतं. त्याच्या खाली पुन्हा पेन्सिल. पानं उलटली. जिथे जिथे मास्तरांच्या हाताने खूण चढवली होती, तिथे तिथे पेन्सिलीने ती उतरवली होती. अक्षर ओळखायला कोणाला विचारावं लागलं नसतं. या शहरात चोवीसमधला चार असा मोडक्या हुकासारखा एकच माणूस काढायचा.

"मी पेन्सिलीचं टाईप करायची," टायपिस्टबाई म्हणाल्या. "शाईचं बघायचंच नाही, अशी ताकीद होती बाईंची."

"तिला माहीत होतं?" मास्तरांनी विचारलं.

"पहिल्या महिन्यापासून. इथेच बसायच्या जेवणाच्या सुट्टीत, चिठ्ठ्या आणि वही घेऊन, आणि एक एक खूण उतरवायच्या. मी म्हटलं, बाई, ही दुप्पट मेहनत कशाला? सरळ घरी सांगा ना, चुकतंय म्हणून. तर म्हणाल्या, सांगितलं तर ते उद्यापासून लिहायचे नाहीत, फार मनाला लावून घेतात. मग संध्याकाळी मी आकडे कोणाला वाचून दाखवू?"

तळघराला एकच खिडकी होती, वर छताजवळ. मास्तर तिच्याखाली जाऊन उभे राहिले. बाहेर फक्त गवत दिसत होतं.

"लबाड," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "अकरा वर्षं! समोर बसून बघायची आणि वर म्हणायची, किती सुरेख लिहिता हो तुम्ही."

"सुरेखच लिहिता," टायपिस्टबाई म्हणाल्या. "चुकीचं, पण सुरेख."

घाई मोठ्याने हसली आणि मग तिलाच रडू आलं. मास्तर हसत होते की दुसरं काही, ते पाठमोऱ्या माणसाचं कळत नाही. घाईने त्यांना तसंच उभं राहू दिलं आणि पानं उलटत राहिली. तिसरी वही, शेवटचा भाग. तिची बोटं थांबली.

"इथे पेन्सिल नाहीये."

शेवटच्या बावीस पानांवर फक्त निळी शाई होती. सहा दीर्घिका.

"तेव्हा बाई दवाखान्यात होत्या," टायपिस्टबाई हळू म्हणाल्या. "वही मास्तरांनी आणून दिली. मला वाटलं, आता शाईचंच घ्यायचं असेल. मी काय करणार?"

त्या दिवसांत बाई पलंगावर टेकून वाचायच्या आणि मास्तर गुडघ्यावर वही ठेवून लिहायचे. रजेवर जाण्याआधीच्या निरीक्षणांच्या चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्या होत्या, आणि त्या पुऱ्या करायच्याच हा बाईंचा हट्ट होता. ती वही दुसऱ्यांदा त्यांच्या हातात गेलीच नाही.

म्हणजे पंचवीस दीर्घिका निर्दोष होत्या आणि सहा खरंच चुकल्या होत्या. आता चिठ्ठ्या हव्या होत्या. त्या कुठे आहेत हे मास्तरांना पक्कं माहीत होतं. कोटाच्या खांद्यांत घालायच्या गाद्यांच्या खोक्यात, कापायच्या टेबलाखाली.

गुरुवारी सकाळी दुकानाच्या दारावर बटणमावशीने 'आज मापं घेतली जाणार नाहीत' अशी पाटी लावली. घाई आपला संगणक घेऊन आली. बाईंचं अक्षर वाचणारा जगात एकच माणूस उरला होता, म्हणून चिठ्ठ्या मास्तर वाचत होते. काही चिठ्ठ्यांच्या मागे किराण्याची यादी होती. एकीवर आकड्यांच्या मधेच 'यांचा चष्मा दुरुस्तीला' असं लिहिलं होतं. मास्तर तेही वाचून जात.

"चष्मा नको, काका. पुढचा आकडा."

"चोवीस, वर दोन दशांश."

"आणि तुम्ही लिहिलंय?"

"पंचवीस."

"पुढे."

दुपारी दोनला घाईने मान वर केली. सहापैकी पाच दीर्घिका बसल्या होत्या, आधी बसत होत्या त्याहून नीट. आधी त्या ओढूनताणून बसवाव्या लागत होत्या, आता आपल्या जागी गेल्या. सहावी मात्र बसली नाही. ही तीच, तिने आधीपासून बाजूला ठेवलेली. आकडा सुधारला, फरक थोडा कमी झाला, पण उरला तो उरलाच. ती दीर्घिका जितकी रेंगाळायला हवी त्याहून खूपच जास्त रेंगाळत होती.

"हिचं माप बाईंचंच चुकलेलं दिसतंय," घाई म्हणाली. "आजारी होत्या. एखादी चूक कोणाचीही..."

"चिठ्ठी आजारपणाच्या आधीची आहे," मास्तर म्हणाले. "तारीख बघ."

"मग दुर्बिणीत काहीतरी."

"तुझ्या कापडावर ती कुठे बसते?"

"कुठे म्हणजे? थरात, बाकीच्यांसारखीच." घाईने बोटाने पडद्यावर काहीतरी फिरवलं, आणि बोट तिथेच थांबलं. "नाही. ही थरात नाही. वर आहे. वरच्या पोकळीत, एकटीच."

"आणि तू तिला थराचंच माप लावलंस."

घाईने डोक्याला हात लावला.

"सगळ्यांना एकाच मापाचा कोट," बटणमावशी कोपऱ्यातून म्हणाली. "आमच्याकडे असं केलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकतं."

वरच्या बाजूला बाहेर ओढणारं काहीच नव्हतं. तिकडे होती नुसती पोकळी, आणि खाली गट आणि सगळा थर मिळून तिला मागे ओढत होते. त्या दिशेला गटाचा हात खूप लांबवर पोचत होता. थरात लवकर संपल्यासारखा दिसणारा हात वर मात्र त्या एकटीपर्यंत जात होता. घाईने तिची खरी जागा धरून गणित पुन्हा केलं. त्याला चाळीस मिनिटं लागली. तोवर तिने बटणमावशीच्या डब्यातलं अर्धं जेवण 'घेऊ का?' विचारता विचारता संपवलं. मग पडद्यावर आकडा आला. बाईंच्या चिठ्ठीतल्या मापाशी तो जुळत होता.

"बाईंचं माप मीच चुकीचं म्हणणार होते," घाई म्हणाली. "आत्ता, इथे बसून. बाकीच्यांसारखंच."

मास्तरांनी चिठ्ठी घडी करून खोक्यात ठेवली. "जेव नीट," ते म्हणाले. "मावशीचा अर्धा डबा संपवलास, आता माझ्यातलं घे."

शुक्रवारी समितीत पाच माणसं होती. मधोमध संस्थाप्रमुख. त्यांचे कोट मास्तर पंधरा वर्षं शिवत होते. त्या पंधरा वर्षांत त्यांची कंबर तीनदा वाढली होती आणि मास्तरांनी ही गोष्ट दुकानाबाहेर जाऊ दिली नव्हती. घाई बोलली, आकृत्या दाखवल्या, वह्यांची पानं दाखवली. तिचे दोन विद्यार्थी मागे उभे होते. तासाभराने प्रमुखांनी चष्मा काढला. "प्रश्नचिन्हं काढायला माझी हरकत नाही. कोणाची आहे?"

कोणाचीच नव्हती.

"सहा आकडे तेवढे बदलून छापावे लागतील. खाली टीप देऊ, किरकोळ लेखनदोष."

"साहेब," मास्तर पहिल्या खुर्चीतून उठले. निळा कोट त्यांनी घातला होता. "तसं नको."

"का? सहाच तर आहेत. आणि आता दुरुस्तही झाले."

"नुसतं लेखनदोष लिहिलं तर लोक म्हणतील बाईंचा. तिच्या नावापुढे काहीतरी होतं, ते आज पुसलं. दुसरं लावू नका. चूक माझी आहे, माझ्या नावावर टाका."

"मास्तर, हे शास्त्रीय प्रकाशन आहे," प्रमुख समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुमचा हुद्दा काय लिहायचा? लेखनिक?"

"लेखनिक नव्हतो. मला कोणी नेमलं नव्हतं."

"मदतनीस?"

"मदत कसली, साहेब. तिचं काम दुप्पट केलं मी."

"मग काय लिहू?"

"नवरा लिहा," मास्तर म्हणाले.

समितीतला एक माणूस हसला, पण बाकी कोणी हसत नाही बघून गप्प झाला. प्रमुखांनी पेन उघडलं, थोडा वेळ कागदाकडे बघितलं, मग लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'पुढील सहा नोंदींतील चूक निरीक्षकाची नसून त्यांच्या नवऱ्याची आहे. मूळ निरीक्षणे अचूक होती.'

"चालेल?"

"चालेल," मास्तर म्हणाले. ते खाली बसले आणि कोटाची बाही सरळ केली.

बाहेर आल्यावर घाई त्यांच्याबरोबर उतारावरून चालू लागली. त्यांचा वेग कमी होता, आणि ती दर चार पावलांनी पुढे जाऊन थांबत होती.

"ती वरची," मास्तर म्हणाले. "पोकळीतली. ती थांबेल का कधी?"

घाईने खोटं सांगायचा विचार केला असेल. पण बाईंची विद्यार्थिनी होती. "नाही, काका. गट तिला धरून ठेवू शकत नाही. ओढतो, पण थांबवू शकत नाही. ती जातच राहणार."

"हळू पण."

"हळू. बाकीच्यांपेक्षा पुष्कळ हळू."

"आणि दिसत राहील?"

"आपल्याला पुरून उरेल इतका काळ."

मास्तरांनी मान हलवली. पुढचा उतार दोघं तसेच चालले. एवढ्या वेळात घाई एकदाही पुढे गेली नाही.